न बांधलेली थडगी

त्या हिवाळ्यात एडिनबरामधल्या एका संग्रहालयात मी थडग्यांच्या नोंदी करत होते. खरी थडगी नव्हेत. प्रबोधनकाळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले त्यांचे आराखडे. फळांच्या माळा, कवट्या, पंख मिटलेल्या सिंहिणी, दगडी उशीवर कोपर टेकून पहुडलेला कुणी सरदार. एका वेळी एकच कागद काढायचा, शिसपेन्सिलीनेच लिहायचं. कागदांना जुन्या धान्याच्या कोठीसारखा कोरडा वास यायचा. संध्याकाळपर्यंत त्या बारीक रेघा डोळ्यांत रुतून बसत. पापण्या मिटल्या तरी जात नसत.

बाबांच्या अस्थी तेव्हा दोन महिने अंत्यविधी करणाऱ्यांच्या दुकानात होत्या. अस्थी घरात आणायच्या नाहीत, हे आईचं ठाम म्हणणं. गावी त्या घराबाहेरच्या झाडाला बांधून ठेवतात. आमच्या फ्लॅटला ना अंगण होतं ना झाड. नाशिकचा प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता, आणि तिच्याशिवाय त्या जाव्यात हे तिला मान्य नव्हतं. दुकानाने महिनाअखेरची मुदत दिली. मला वाटू लागलं, इथल्याच दफनभूमीत अस्थी पुरून वर एक लहानसा दगड उभारावा. तिला पटावं म्हणून मी तिला संग्रहालयात नेलं आणि त्या आराखड्यांतलं सर्वांत देखणं चित्र तिच्यापुढे ठेवलं.

ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. "कुणाचं गं हे?"

"कुणाचंच नाही. नमुना आहे, गिऱ्हाइकाने पसंत करावा म्हणून."

"एवढं कोरलं, आणि आत कुणी नाही." ती खुर्चीत मागे टेकली. "आपल्या दगडावरचं शेवाळ कोण घासणार? तू? तुझ्याच्याने ओटा पुसला जात नाही."

मी हसले, ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, "त्यांना कुठे अडकवू नकोस. इथलं पाणीही कुठेतरी जातंच ना?"

शनिवारी अस्थी घेऊन आम्ही टॅक्सीने थेट फोर्थ खाडीच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती. शेवाळलेल्या उतारावरून मी तिला दंडाला धरून पाण्यापर्यंत नेलं. राख वाटली होती त्याहून जड होती, आणि खरखरीत. हातमोजे काढून ती मूठमूठ सोडत राहिली. बोटं निळी पडली तरी अस्थींचं भांडं माझ्या हाती देईना. वारा मिठाचा आणि डिझेलचा होता.

भांडं विसळून झाल्यावर तिने विचारलं, "भरती आली की परत येतील का गं?"

मी नाही म्हणाले. मला ठाऊक नव्हतं.