आठ ठोकळे

नातवंडांनो, तुमच्यापैकी थोरल्याने विचारलं आहे की गॅरेजमध्ये सुतारकामाची खोली करायची आहे, आजोबांनी काढलेलं टेबलाचं ड्रॉइंग अजून आहे का. आहे. माझ्याकडच्या वस्तू सहसा हरवत नाहीत. पण त्या ड्रॉइंगमध्ये एक चूक आहे. नुसती चूक सांगून मोकळं होता आलं असतं, पण मग ती कशी कळली हे लपवावं लागलं असतं, आणि लपवण्याचं काम मी एकदा केलेलं आहे. तुमच्या बाबांनाही यातलं निम्मं माहीत नाही.

आजोबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही पुण्यात बिबवेवाडीत राहत होतो. घराला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथे स्कूटर आणि जुन्या बादल्या असायच्या. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती खोली मोजली. पुढचे पाच महिने नुसती आखणी चालली होती. उजेड डाव्या हाताने यायला हवा म्हणून खिडकी उत्तरेला पाडली. हत्यारं टांगायच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढली, म्हणजे एखादं जागेवर नसेल तर लगेच कळावं. हत्यारं आणायची होती अजून, आकृत्या आधी तयार झाल्या. संध्याकाळी दिवा लावायला गेले की मला त्या भिंतीकडे बघवत नसे. रंधा नाही, करवत नाही, फक्त त्यांच्या जागा.

दारावर त्यांनी सुबक अक्षरांत पाटी लावली: ‘दुपारी एक ते चार यंत्र बंद राहील.’ शेजारचे गृहस्थ फाटकाशी थांबून ती वाचत म्हणाले, “यंत्र यायच्या आधीच बंद? उत्तम सोय केलीत.”

“तुमच्या झोपेची काळजी आहे हो,” आजोबा म्हणाले. “सकाळची धरून.”

टेबल करायला आमचे नेहमीचे मिस्त्री आले. शहरात तीन पिढ्या सुतारकाम करणारं मुसलमान कुटुंब, आमची दारं-खिडक्या त्यांच्याच हातच्या. वयाने आजोबांच्या बरोबरीचे. ड्रॉइंगचा कागद उलगडून ते बराच वेळ बघत राहिले.

“साहेब, एवढं तर मी लग्नाच्या पलंगालासुद्धा कधी काढलं नाही.”

“म्हणूनच ते करकरतात.”

मिस्त्री हसले आणि कामाला लागले. आजोबा म्हणत, सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाचं हाड जिथे येतं, तिथे टेबलाचा वरचा भाग यायला हवा. त्यांचं ते माप चौतीस इंच होतं. टिंबर मार्केटमधून बाभळीचे जाड पाय आणले, वर तीन इंच जाडीची सागवानी फळी. पाय आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या तयार झाल्या त्या गुरुवारी मिस्त्रींनी टेप लावली आणि थांबले.

“साहेब, पाय चौतीस झाले. वर फळी तीन इंचांची. टेबल सदतीस होणार. उभ्याने पंगत बसवायची आहे का?”

आजोबा ड्रॉइंगकडे बघत राहिले. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या असल्या चुका काढण्याचंच त्यांचं काम होतं. “खरंच की,” ते म्हणाले, “फळीची जाडी वजा करायची राहिली.” मिस्त्रींनी चारही पायांचे तीन-तीन इंच कापले, चार ठोकळे कोपऱ्यात रचले आणि सोमवारी फळी बसवायला येतो म्हणून गेले. आम्ही तिघंही त्यावर हसलो होतो.

शनिवारी मी दिवसभर बहिणीकडे होते. रविवारी सकाळी खोली झाडायला गेले तर जमिनीवर ताजा भुसा होता. कोपऱ्यातले ठोकळे मी सवयीने मोजले. चार असायला हवे होते. आठ होते.

आजोबा बाहेर पेपर वाचत होते. मी विचारलं, “काल काय केलंत?”

“अगं, एक चूक सापडली,” ते खुशीत म्हणाले. “फळीची जाडी वजा करायची राहिली होती. पाय तीन इंच कापून टाकले.”

गुरुवारचेच शब्द होते. गुरुवार मात्र त्यांच्याकडे नव्हता. मी “बरं” म्हटलं. आत येऊन चहा केला. मग त्यांच्या हातचे चार ठोकळे, जे जरा तिरके कापले गेले होते, ते उचलून शिवणयंत्राच्या खणात ठेवले. असं का केलं हे मला त्या वेळी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पसारा नको म्हणून.

सोमवारी मिस्त्रींनी फळी बसवली आणि त्यावर तळवा टेकवला. “साहेब, खाली गेलं हे.” टेप लावली. एकतीस.

आजोबा मिस्त्रींवर ओरडले नाहीत. ते कोणावरच ओरडत नसत. फक्त म्हणाले, “मिस्त्री, तीन सांगितले होते. सहा कापलेत. डोळे तपासून घ्या.”

मिस्त्री खाली बसले, पायाच्या कापलेल्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

“असेल, साहेब,” मिस्त्री म्हणाले. “वय झालं.”

जाताना फाटकापाशी ते हळूच म्हणाले, “बाई, साहेबांना रंधा मारू द्या, काय हवं ते करू द्या. ती विजेची करवत तेवढी येऊ देऊ नका.”

विजेच्या गोल करवतीची आकृती भिंतीवर मधोमध होती. एकसष्टाव्या वाढदिवसाला ती द्यायची असं तुमच्या बाबांनी ठरवलं होतं. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. “आई, बाबांना नक्की कुठली हवी आहे?” मी तेव्हा सांगू शकले असते. त्याऐवजी आजोबांच्या यादीतून मॉडेलचा नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा नीट, आणि त्यांच्याकडून तो परत म्हणवून घेतला. मला वाटत होतं की मी आजोबांचा मान राखते आहे.

करवत आली. ती दहा वाजता सुरू व्हायची आणि एकच्या ठोक्याला बंद. टेबल बुटकं झाल्यामुळे त्यांना वाकून काम करावं लागायचं, तोंड पात्याच्या फार जवळ यायचं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरताना तो आवाज ऐकायची. आवाजाची भीती नव्हती. तो मध्येच थांबला की मी सुरी खाली ठेवायची आणि पुन्हा सुरू होईपर्यंत तशीच उभी राहायची. दोन महिने असे गेले.

मग एका दुपारी मला जाग आली ती करवतीच्या आवाजाने. घड्याळात अडीच वाजले होते. आमच्या घरात दुपारी कोणी पाण्याचा हंडासुद्धा सरकवत नसे. त्या माणसाने आयुष्यात तो नियम कधी मोडला नव्हता.

मी अनवाणीच गेले. दार उघडं होतं. ते टेबलावर वाकले होते, चष्मा कपाळावर, एक फळी पुढे ढकलत होते. डाव्या हाताचा अंगठा फळीवर सरळ पात्याच्या रेषेत होता. पातं आणि अंगठा यांच्यात फार तर वीतभर अंतर. हाक मारली असती तर त्यांनी दचकून मान वळवली असती, आणि हात पुढे गेला असता. मी मागे फिरले, बोळातल्या बोर्डापर्यंत गेले आणि मेन स्विच खाली ओढला. पातं लगेच थांबत नाही. त्याचा आवाज उतरत जातो. मी तो पूर्ण उतरेपर्यंत भिंतीला धरून उभी होते.

परत आले तेव्हा ते हात पुसत होते. अंगठा शाबूत होता.

“लाइट गेले,” ते म्हणाले. “आणि आज सकाळच्या चहाला इतका उशीर? दूधवाला आला नाही का?”

उघड्या दारावर त्यांच्याच अक्षरांतली ती पाटी होती.

मी घरात जाऊन खणातले चार ठोकळे आणले. कोपऱ्यातले चारही उचलून त्यांच्याशेजारी टेबलावर मांडले. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि एकेक उचलून कापलेली बाजू उजेडात धरली. माणूस निवृत्त झाला तरी नजर होत नाही. त्यांनी चार सरळ एका ओळीत लावले, चार तिरके दुसऱ्या ओळीत.

“हे मिस्त्रींचे,” ते म्हणाले. “हे कोणाचे?”

“तुमचे.”

तिरक्यांतला एक हातात धरून त्यांनी विचारलं, “कधीपासून ठेवलेस?”

“तीन महिने होत आले.”

“उद्या मिस्त्रींना बोलाव.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. आजोबा दारातच म्हणाले, “मिस्त्री, आठ आहेत.”

“माहीत आहे, साहेब. माझी करवत अशी तिरकी जात नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“बाई समोर होत्या,” मिस्त्री म्हणाले. त्याहून मनाला लागेल असं मला कोणी काही बोललेलं आठवत नाही.

“चुकलो मी,” आजोबा म्हणाले. “ही करवत तुम्ही घेऊन जा.”

“नको, साहेब. दहा बोटं आहेत अजून, राहू द्या.”

करवत खोक्यात भरून दुकानात परत गेली. आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो, असं मी तुमच्या बाबांना सांगितलं. मिस्त्रींनी तिरके चार ठोकळे पायांखाली बसवून दिले. तिरक्या कापाला तिरकाच काप बसतो, ते म्हणाले, आणि प्रत्येक ठोकळा ज्या पायाचा होता त्यालाच लागला. टेबल चौतीस झालं.

त्यानंतर आजोबा स्वतःच एकेक हत्यार भिंतीवरून काढून माझ्या हातात देऊ लागले. आधी पटाशी, काही महिन्यांनी हातकरवत, मग रंधा. कारण सांगत नसत, मीही विचारत नसे. शेवटी फक्त पॉलिश पेपर उरला. एकच फळी ते तासन्‌तास घासत बसायचे. समोर भिंतीवर पुन्हा नुसत्या आकृत्या होत्या, पहिल्या दिवसांसारख्या. एकदा त्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, हे कोणी काढलं.

ड्रॉइंग सोबत पाठवते आहे. पायांचं माप त्यात चौतीस लिहिलं आहे, ते एकतीस धरा. मी खोडलेलं नाही, अक्षर त्यांचं आहे. मिस्त्रींच्या हातचे चार ठोकळे माझ्याकडेच राहतील. त्यातला एक आत्ता या कागदावर ठेवला आहे.

आणखी एक. गेल्या रविवारी तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं की गुडघा कसा आहे. मी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी तेच, त्याच शब्दांत पुन्हा विचारलं. लाइन खराब असेल, किंवा ते दुसऱ्या कामात असतील. टेबल करताना त्यांना बरोबर घ्या. त्यांना आवडेल. कापलेले तुकडे मात्र संध्याकाळी टाकून देऊ नका. मोजा. जास्त भरले तर मला त्याच दिवशी कळवा, आणि त्यांनाही सांगा.