घागरीमागं एक अक्षर

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून चन्नबसप्पा महिनाभर घरच्या कॉम्प्युटरवर निवेदन टाइप करत बसले होते. ऐन दुष्काळात टँकरच्या घागरी मात्र एकट्या बायकोनं, रुद्राणीबाईंनी वाहायच्या. एकदा बाईंनी मागून डोकावलं, तर पडद्यावर पत्त्यांचा डाव! निवेदन द्यायच्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर पासवर्ड मागू लागला.

"रुद्रे, हे काय गं?"

"टँकर आलाय. एका घागरीला एक अक्षर सांगीन."

गल्लीला हसू आवरेना. चन्नबसप्पांनी धोतर खोचून सहा घागरी आणल्या, तेवढ्यात टँकर रिकामा झाला.

"आता किती अक्षरं राहिली?"

"चार. पुढचा टँकर आठ दिवसांनी हाय म्हणं. तवर जिल्हा थांबंल की!"