दाणा बंद झाल्यावर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भिजवलेले वाल सोलणं. सोलता सोलता मी बायकोला प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सांगत होतो. तिथं मी तीस वर्षं पिंजरे धुतले. कळ दाबली की उंदराला दाणा मिळायचा. मग मुद्दाम दाणा बंद करायचे. कुणी दोन दिवसांत समजून कोपऱ्यात बसायचा, कुणी दाबतच राहायचा. कोण किती लवकर शिकतो, किती उशिरा सोडतो, याचं प्रत्येकाचं वेगळं गणित प्रयोग करणाऱ्या मॅडम संगणकावर मांडायच्या. एकाचं काही केल्या बसेना. महिना झाला तरी तो कळ दाबतोच आहे.

"बावळट होता," मी म्हणालो.

"तुमचं गणित मांडायला घेतलं असतं, तर मॅडमनी नोकरीच सोडली असती," ही म्हणाली.

त्याच दुपारी ती झोपेत गेली. संध्याकाळी जाळून आलो. लोक म्हणाले, हळूहळू सवय होईल. कुणाला किती दिवसांत, ते कुणी सांगेना. आता वाटतं, दाणा संपलाय हे त्या उंदराला कळलं असणार. कळून पुढं करायचं काय, तेवढं कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत बसलो आणि हाक मारली, "अगं, पाठ चोळतेस ना?" पाणी गार होईपर्यंत थांबलो. मग पुन्हा हाक मारली.