गोदावरी अक्का जसंच्या तसं सांगते

धारवाडात केलगेरीच्या रस्त्याला वीस खाटांचं एक नर्सिंग होम आहे. डॉक्टर झाल्यावर माझी पहिली नोकरी तिथली. मी मळमड्डीतल्या वकिलाची मुलगी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. त्यामुळे दोन्ही भाषा आपल्याला उत्तम येतात, असा माझा समज होता. गोदावरी अक्कानं तो पहिल्या आठवड्यातच मोडला.

अक्का तिथं आया होती. चादरी बदलायच्या, पेशंटला एक्स-रेला न्यायचं, भांडं द्यायचं, हे तिचं काम आणि पगारही तेवढ्याचाच. पण अळणावरकडच्या वाड्यांवरून जी माणसं यायची, त्यांना बाजारापुरती कन्नड यायची, दवाखान्यातली समजायची नाही. मालक डॉक्टर श्रीहर्ष यांना मराठी थोडंफार कळायचं, पण बोलायला जमायचं नाही. या दोघांच्या मधे बावीस वर्षं अक्का उभी होती. तिचं माहेर अळणावरजवळचं, वडील लाकडाच्या डेपोत कामाला. घरची भाषा मराठी, शाळा कन्नड, तीही सातवीपर्यंत.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात एक म्हातारी आली. म्हणाली, "पोटात कुणीतरी धुणं पिळतंय." तिच्या जागी मी असते तर 'पोटात दुखतंय' एवढंच सांगून मोकळी झाले असते. अक्कानं धुणं, पीळ, सगळं कन्नडमध्ये नेलं. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "पिळून झालं की मधे सैल पडतं का?" पडतं, म्हणाली. त्या एका उत्तरावर पुढचा तपास ठरला.

आणखी एक. डॉक्टर म्हणाले, "मला अजून नक्की सांगता येत नाही," तर अक्का 'डॉक्टर म्हणतात की' असं कधी म्हणायची नाही. पेशंटकडं बघून तीही म्हणायची, "मला अजून नक्की सांगता येत नाही." बोलणाऱ्याचा 'मी' तसाच ठेवायची. जणू मधे कुणी उभंच नाही. मी ते बघत राहायची.

गेल्या वर्षी खाली ओपीडीत आरोग्य विम्याचं एक टेबल आलं. टेबलामागं अमित. दावणगेरेकडचा, तिशीतला, परवाना असलेला एजंट. डॉक्टर श्रीहर्षांनीच परवानगी दिली होती. त्यातून त्यांना काही मिळत नव्हतं. "लोकांकडं विमा नसतो, नड आली की हाल होतात. बसू दे त्याला," एवढाच त्यांचा विचार. पहिले दोन महिने अमित टेबलापाशीच बसला. मग जिन्यापर्यंत आला, आणि एका दुपारी वॉर्डात.

खाटेवर धोंडिबा होता. पित्ताशयात खडे, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. उशाशी त्याची बायको तुळसाबाई. अमितनं फॉर्म काढून तिच्या हातात दिला आणि चादर घडी करत असलेल्या अक्काला हाक मारली.

"अक्का, जरा यांना मराठीत सांगा. आज सही केली तर उद्याचं ऑपरेशन विम्यात बसेल."

मी शेजारच्या खाटेवरच्या बाईचं ब्लडप्रेशर घेत होते. अक्कानं चादर खाली ठेवली.

"तसं कागदावर कुठं लिहिलंय? बोट ठेवा री," ती कन्नडमध्ये म्हणाली.

"लिहिलेलं इंग्लिशमध्ये आहे. तुम्ही सांगा फक्त."

अक्का तुळसाबाईकडं वळली. "हे साहेब म्हणतात, आज सही केली तर उद्याचं ऑपरेशन विम्यात बसेल. कागदावर कुठं ते विचारलं. त्यांनी दाखवलं नाही."

मी पंप दाबायची थांबले. हे साहेब म्हणतात! वर्षभरात मी तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकत होते. या माणसाचा 'मी' तिनं आपल्या तोंडात घेतला नव्हता.

अमितला वाटलं, काम चाललंय. तो पुढं म्हणाला, "इथं आजार विचारलाय, तिथं नाही म्हणून खूण करू. सगळे असंच करतात."

"साहेब म्हणतात, आजार आहे का विचारलंय तिथं नाही म्हणून लिहू."

धोंडिबा हातावर सलाईन घेऊन पडला होता. तो म्हणाला, "आजार नाही? मग मी हितं कशाला झोपलोय?"

अक्कानं तेही जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगितलं. समोरच्या खाटेवरचा माणूस हसला. अमितचे कान लाल झाले. तो अक्काच्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाला, "अक्का, असं नका करू. हे झालं तर तुमचंही बघतो मी."

अक्का एक पाऊल मागं सरली. मग तुळसाबाईकडं बघून, त्याच सरळ आवाजात म्हणाली, "साहेब म्हणतात, तुम्ही सही केली तर मलाही काहीतरी देतील."

वॉर्डात सहा खाटा. सगळ्यांना ऐकू गेलं. तुळसाबाईनं फॉर्म घडी करून अमितच्या हातात परत दिला. अमितला मराठी येत नव्हतं, पण एवढं समजायला भाषा लागत नाही.

संध्याकाळी डॉक्टर श्रीहर्षांनी अक्काला केबिनमध्ये बोलावलं. अमितनं तक्रार केली होती. मी न बोलावता मागोमाग गेले. डॉक्टर चिडले होते.

"वॉर्डात तमाशा करायची काय गरज होती? पटलं नाही तर मला येऊन सांगायचं."

अक्का दारापाशी उभी होती, साडीच्या पदराला हात पुसत. "डॉक्टर, मी काही जास्तीचं बोलले नाही. ते बोलले तेच सांगितलं."

"ते कळलं मला."

"उद्या सकाळी धोंडिबाकडून ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायची आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांगणार, काय कापणार, काय धोका आहे. मी ते मराठीत सांगणार. तो काय कागद वाचणार आहे? माझ्या तोंडाकडं बघून अंगठा देणार. बावीस वर्षं लोक तसाच देतात. आज याच तोंडानं मी खोटं सांगितलं असतं, तर उद्याचा अंगठा कशावर घेतला असता आपण?"

 रुग्णाच्या संमतीवर कॉलेजात मी एक आख्खं प्रकरण पाठ केलं होतं. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मिळवले होते. ते मला त्या केबिनमध्ये समजलं.

 डॉक्टरांनी मला विम्याचा फॉर्म आणायला सांगितला आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मी त्यांना एखादा कागद इतका सावकाश वाचताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेबल उठलं. धोंडिबाचं ऑपरेशन नीट झालं. त्याआधी अंगठा घेतला तो अक्कानं अर्धा तास समजावून सांगितल्यावर.

घरी बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परवाना नसलेल्या माणसाला विम्याची दलाली घेता येत नाही. फॉर्मवर आजार लपवला तर पुढं क्लेमच नाकारतात. वाच हवं तर." मग पुस्तक उघडायला उठले आणि उठता उठता थांबले. "तुमच्या अक्काला यातलं काही माहीत होतं?"

"नाही."

बाबा पुन्हा खुर्चीत बसले.

इथवर झालं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पंधरा दिवसांनी अक्कानंच डॉक्टरांना विचारलं, "त्या पोराचा नंबर आहे का?" कशाला, म्हणून डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "विमा वाईट नाही की. आमच्या लोकांना पाहिजेच आहे. पण सलाईन लावलेल्या माणसाला विकायची वस्तू नाही ती. धडधाकट असताना, घरच्या माणसांत बसून विचार करून घ्यायची. त्याला म्हणावं गावात ये. सुटीच्या दिवशी मी येते सांगायला. मला काही नको."

अमित येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. एका रविवारी अळणावरजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात पन्नासेक माणसं जमली. तुळसाबाई आणि धोंडिबा पुढंच बसले होते. मीही गेले, नुसती ऐकायला.

अक्कानं अमितला सांगितलं, "पहिल्या ओळीपासून वाचा. काही सोडू नका." तो वाचायचा, ती सांगायची. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळणार नाही. आधीपासूनचा आजार असेल तर तो लिहायचाच, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही, तर तीस दिवसांत परत करता येते. एका कलमाशी ती अडली. "समजलं नाही, परत सांगा." अमितनं परत सांगितलं. "अजून नाही समजलं." चौथ्यांदा त्यानं फोन काढला, ऑफिसमधल्या कुणाला तरी विचारलं, आणि मग स्वतःशीच मान हलवत म्हणाला, "अक्का, मलाच चुकीचं माहीत होतं."

त्या दुपारी तिनं 'हे साहेब म्हणतात' एकदाही म्हटलं नाही.

साडेतीन तास हे चाललं. माणसं उठली नाहीत. शेवटी अकरा घरांनी फॉर्म मागून घेतले, बाकीचे विचार करतो म्हणाले. धोंडिबानं आजाराच्या रकान्यात काय काय लिहायचं ते अक्काला तीनदा विचारलं.

परतताना आम्ही तिघं धारवाडच्या गाडीत बसलो. अक्काचा आवाज पार बसला होता. अमित बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग मला म्हणाला, "डॉक्टर, सहा वर्षं मी हे विकतोय. पूर्ण वाचलं आज."

मी अक्काकडं पाहिलं. मुगद स्टेशन मागं पडलं होतं. ती बाकावर पाय वर घेऊन, डोकं खिडकीच्या गजाला टेकवून गाढ झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिची ड्युटी होती.