वॉशिंग्टनच्या साहेबासाठी बारा बायका

व्हर्नेल टब्ज ही अलाबामातल्या आमच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळाची मुख्य धोबीण. गोऱ्या वेड्यांच्या चादरी एका यंत्रात, काळ्या वेड्यांच्या दुसऱ्या. वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा वेगळ्या! आणि इस्त्री? दोन्हींवर व्हर्नेलचेच काळे हात. तिथं मात्र कुणाचं सोवळं मोडत नव्हतं. "इथं वेडं कोण नि शहाणं कोण, मला तर बाई कळत नाही," असं ती डॉक्टरांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणायची.

तोंड असं, पण रोज दुपारी ती मुकाट्यानं मागच्या इमारतीच्या तळघरात उतरायची. तिथं काळ्या बायका नव्वद आणि खाटा साठ. त्यात तिची धाकटी बहीण ओझेला. पहिलंच मूल जन्मतःच गेलं आणि ओझेलाची वाचा बसली. बोलत नाही म्हणून तिला इथं आणून टाकलं. त्याला बावीस वर्षं झाली. बहीण इथं, म्हणूनच व्हर्नेलनं ही नोकरी धरली. टेम्पी नावाच्या एका म्हातारीबरोबर ओझेला एकाच खाटेवर निजायची. पुढच्या इमारतीत गोऱ्या बायकांना मात्र एकेकीला खाट, खिडकी आणि आठवड्याला डॉक्टर. ओझेलाला त्या खिडकीपाशी एकदा निजलेली बघायची, एवढंच व्हर्नेलचं देवाजवळ मागणं होतं.

देव पावला तो सहासष्ट साली, सरकारी गाडीतून. वॉशिंग्टनहून फर्मान सुटलं: काळे-गोरे एकत्र ठेवा, नाहीतर मदत बंद. तपासायला साहेब येतोय! मुख्य डॉक्टर क्रेनशॉ धापा टाकत धोबीखान्यात आले.

"व्हर्नेल, शुक्रवारी मला बारा काळ्या बायका पाहिजेत. गरीब, शांत. पुढच्या इमारतीत नेऊन बसव. एका दिवसापुरत्या."

"बारा पुरतील का, साहेब?"

"बारा म्हणजे बारा! आणि शनिवारी परत तळघरात."

यादीत पहिलं नाव कुणाचं, हे काय सांगायला पाहिजे? व्हर्नेलनं ओझेलाला गोऱ्यांच्या ढिगातला कडक इस्त्रीचा निळा झगा चढवला, तेल लावून केस विंचरले, खिडकीजवळच्या खाटेवर बसवलं आणि कानात सांगितलं, "कुणीही ऊठ म्हटलं तरी उठायचं नाही. देव आला तरी नाही!"

साहेब आला. चष्मेवाला, कोवळा. शेजारच्या खाटेवर मिस युडोरा होती. ही गोरी बाई स्वतःला गव्हर्नरची विधवा समजायची.

"या बायका इथं कधीपासून आहेत?" साहेबानं विचारलं. डॉक्टरांना घाम फुटला.

"या माझ्या पाहुण्या आहेत," मिस युडोरा कडाडली, "हव्या तितके दिवस राहतील! तुम्हाला कुणी बोलावलंय?"

साहेब भलताच खूश झाला. "वा, काय एकोपा आहे! मी पुन्हा येईन हं. न कळवता."

शनिवारी डॉक्टर म्हणाले, "ने त्यांना खाली."

"नेते की," व्हर्नेलनं इस्त्री थांबवली नाही. "पण माझा दीर पेट्रोल पंपावर असतो ना, तो म्हणत होता, वॉशिंग्टनची गाडी अजून गावातच आहे."

सोमवारी तिला तो चष्मेवाला चर्चच्या दारात दिसला. गुरुवारी मटणाच्या दुकानात! डॉक्टर इतके धास्तावले की दुधाची गाडी वाजली तरी टाय सरळ करायचे. व्हर्नेल धडधडीत खोटं बोलत होती का? होती! देवाशी नंतर बघून घेऊ म्हणायची. तीन आठवडे असेच गेले आणि बाराच्या बारा जणी वर टिकल्या. व्हर्नेल तर हवेत होती.

आणि चौथ्या सोमवारी, भर दुपारी, ओझेला आपली आपण उठली. उशी काखेत मारली आणि अनवाणी अंगणातून थेट तळघराकडं निघाली. व्हर्नेल हातातलं टाकून मागं धावली.

"अगं ए, कुठं निघालीस? तुझ्यापायी मी इथं जिवाचं रान केलं, आणि तू परत त्या भोकात चाललीस? कर्मच फुटकं तुझं!"

ओझेला जिना उतरून जुन्या खाटेपाशी गेली. खाटेवर टेम्पी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओझेलानं उशी तिच्या पाठीशी लावली आणि बावीस वर्षांनी तोंड उघडलं.

"हिला थंडी वाजते," ती म्हणाली.

व्हर्नेल तिथंच खिळली. बहीण वर गेल्यापासून ती या तळघरात एकदाही उतरली नव्हती. टेम्पी कशी आहे, एवढंसुद्धा कुणाला विचारलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग टेम्पीला एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं ओझेलानं, आणि तिघी अंगण ओलांडून वर आल्या.

दारात डॉक्टर उभे. "ही कोण आणखी? बारा ठरल्या होत्या!"

"ही तेरावी," व्हर्नेल डोळे पुसत म्हणाली. "खाली अजून सत्त्याहत्तर आहेत. तुम्ही जरा दार धरून ठेवा, साहेब. मी झगे घेऊन येते."