वीस नंबरवर थांबलेला वर्ग

दादा गेल्याचा फोन लातूरहून आला तेव्हा मी इथे नांदेडला गॅसवर दूध ठेवलं होतं. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, गेले हो." दूध उतू गेलं आणि मला दादाचाच राग आला. छातीत दुखत असताना हा माणूस "बघू, थांबंल" म्हणत घरी बसून राहिला... वाट बघण्यात माझ्या भावाचा हात कुणी धरला नसता.

भूकंपानंतर लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. गल्लोगल्ली पाट्या लागल्या, मुरुडहून पोरं एसटीनं येऊ लागली. दादाचं गणित पक्कं. त्यानं चार बाकं टाकली असती तर वहिनीचे दिवस सुखात गेले असते. पण नाही! यानं पत्र्याच्या हॉलमध्ये एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि बेसिक शिकवायला बसला. बेसिक म्हणजे कॉम्प्युटरला समजणारी अगदी सोपी भाषा. ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर; यंत्र मुकाट एकेक ओळ पाळत जातं. त्यात वीज सारखी जायची. मग हा फरशीवर खडूनं नंबर लिहून प्रत्येक नंबरवर एक पोर उभं करी. पोरंच ओळी, पोरंच कॉम्प्युटर. पहिला प्रोग्रॅम ठरलेला. दहावरच्यानं "नाव काय?" विचारायचं, वीसवरच्यानं उत्तर द्यायचं, तीसवरच्यानं ते उत्तर जसंच्या तसं उचलून राम राम घालायचा.

त्या वर्गात कमल होती. भूकंपात तिची आई गेली. मावशीकडे लातूरला आली तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. दादानं नेमकं तिलाच वीसवर उभं केलं, आणि सगळा वर्ग थांबला. दुसऱ्या दिवशीही थांबला. तिसऱ्याही.

"सर, दुसऱ्याला उभं करा की," पोरं म्हणायची.

"उत्तर आल्याबिगर पुढं जाता येत न्हाई," दादाचं एकच.

पालक येऊन भांडले. निम्मी पोरं समोरच्या शिकवणीत गेली. वहिनीनं मला बोलावून घेतलं, "तुमच्या भावाला लई समजावलं ताई, पालथ्या घड्यावर पाणी." मी वर्गाच्या दारातच त्याला गाठलं. म्हटलं, "दादा, ती मुकीच राहील आणि तुझा वर्ग बुडेल." तो म्हणाला, "तिला घाई न्हाई. तुलाच हाय." असा संताप आला!

तेवढ्यात आत पुन्हा "नाव काय?" झालं. कमलनं या पायावरचा भार त्या पायावर टाकला आणि अगदी वैतागून म्हणाली, "पाय दुखायलेत."

तीसवरचं पोर नियमाचं पक्कं. ते ओरडलं, "राम राम, पाय दुखायलेत!"

पत्रा उडेल एवढा हशा झाला. कमलही हसली, आणि हसता हसता आईच्या नावानं रडायला लागली. दादा तिच्याजवळ फरशीवर बसून राहिला. माझेही डोळे भरले, पण गेलेली पोरं काही परत आली नाहीत, आणि वहिनीची ओढाताण जन्मभर सुटली नाही. आता दादाच्या दहाव्याला कमल आली होती. लोह्याला शिक्षिका आहे. बोलायला लागली ती थांबेचना.

दादा दर रविवारी फोन करायचा. "कसं हाय?" विचारून गप्प. मी "बरी आहे" म्हटलं तरी गप्पच; खरं काय ते सांगेपर्यंत पलीकडून हूं की चूं नाही. आता वहिनी फोन करते. परवाही "कसं हाय ताई?" म्हणाली आणि तशीच गप्प राहिली.

"बरी आहे," मी म्हटलं.

पलीकडे नुसता श्वास.

"अहो वहिनी, बोला की काहीतरी!"

शेवटी मीच म्हटलं, "नाही हो करमत."

"मला बी न्हाई," वहिनी म्हणाली.