सुखदेवच्या अर्जावरचा अंगठा

सुखदेवचं शिक्षण मी बुडवलं.

आज सकाळी किन्हीराजाला त्याला शेवटचं पोचवून आलो. आता सांगतो. आधीच सांगायला हवं होतं, पण हिंमत नव्हती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. किन्हीराजाचा सुखदेव आणि जवळच्याच मालेगावचा मी, दोघांचे कपडे एकाच ट्रंकेत घालून मिशनच्या कॉलेजात गेलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्यांचा काडीचा दोष नव्हता.

तिथं मार्कांऐवजी ग्रेड देत. ए, बी, सी, डी आणि शेवटी एफ, म्हणजे नापास. सुखदेव कधी बीच्या खाली आला नाही. मी कायम सीवाला, तेही लॉजिक त्यानं शिकवलं म्हणून.

गप्पा मारायला मात्र मी पुढं. होस्टेलात ठोकून दिलं होतं की सुखदेव माझा चुलतभाऊ आहे, आणि त्याचे वडील, म्हणजे माझे काका, मोठे जमीनदार आहेत, रोज पेपर वाचतात.

सुखदेव हसायचा. "मध्या लेका, माह्या बाले पेपर दे, भाकर बांधते तो त्यात."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्याचे वडील बैलबंडीवरून पडले. मांडी मोडली. कापसाची वेचणी तोंडावर, घरी दुसरं कोणी नाही. सुखदेवला ते वर्ष घरीच काढणं भाग होतं.

कॉलेजात त्याला विथड्रॉवल म्हणत. मुदतीच्या आत अर्ज दिला की वर्ष कोरं सोडायचे. पुढच्या वर्षी जागा आणि फी माफी तशीच.

मुदत चुकली की सगळ्या विषयांत एफ. आणि एफवाल्याला पुढच्या वर्षी तीनच विषय घेता येत. पूर्ण विषय नसले की होस्टेल नाही, फी माफी नाही. म्हणजे सुखदेवसारख्यानं घरी बसायचं.

अर्जावर पालकाची सही पाहिजे होती. वडिलांना सही येत नव्हती, आणि सुखदेवच्या पेनातली शाई अर्ज लिहिण्यातच संपली. मग कंदिलाच्या काचेची काजळी लावून वडिलांनी पडल्या पडल्या अंगठा दिला. मी शेजारीच बसलो होतो.

"मध्या, शनवारी शेवटची तारीख हाय. खिडकीत देजो. विसरू नोको."

"काहून विसरीन बे?" मी म्हणालो.

विसरलो नाहीच. तेच तर सांगतोय.

शनिवारी ऑफिसच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. मागं माझेच होस्टेलचे दोस्त. पुढच्या एका पोराच्या अर्जावर अंगठा होता. क्लार्कनं कागद वर धरला आणि ओरडला, "हे कुणाचे वडील अंगठेबहाद्दर?"

सगळी रांग खो खो हसली.

मीही हसलो.

मग माझ्या हातातला कागद पाहिला. रोज पेपर वाचणाऱ्या काकांचा अंगठा. कागदाची घडी केली, खिशात टाकला आणि रांगेतून बाहेर पडलो. म्हटलं, चार वाजता गर्दी नसते, तेव्हा देऊ.

चार वाजता खिडकी बंद. रविवारच्या प्रार्थनेची तयारी असायची म्हणून शनिवारी ऑफिस दुपारीच बंद व्हायचं. दीड वर्ष तिथं राहून हे मला माहीत होतं. त्या घाईत आठवलं नाही.

सोमवारी प्रिन्सिपॉल साहेबांकडे जाता आलं असतं. माणूस भला होता, ऐकून घेतलं असतं. पण त्यांना सांगायचं काय? की मला अंगठ्याची लाज वाटली?

नाही गेलो.

सुखदेवला सांगितलं, "म्या देला होता रे बापा. ऑफिसातच हरवला त्याईनं."

तो म्हणाला, "जाऊ दे. तू तं पास होशीन ना?"

झालो. मला डिग्री मिळाली तेव्हा मालेगावात पेढे त्यानं वाटले.

मी मास्तर झालो, मग हेडमास्तर. उशिरा अर्ज आणणाऱ्या पोरांना शिस्तीवर लेक्चरं झोडली. त्यातली काही पोरं ही पोस्ट वाचत असतील. माफ करा रे बाबांनो.

सुखदेव शेती करत राहिला. दर हिवाळ्यात तुरीच्या शेंगा घेऊन घरी यायचा, माझ्या पोरांची अडलेली गणितं सोडवून द्यायचा आणि शेवटच्या एसटीनं परत जायचा. मला वाटायचं, याला काही माहीत नाही.

आज स्मशानातून येऊन त्याच्या अंगणात बसलो होतो. त्याचा मुलगा दिलीप सहजच बोलून गेला.

"काका, बाबा कॉलेज सोडून आले ना, तवा पैलं काम काय केलं त्याईनं माहीत हाय? आज्याले सही शिकवली. पाटी घेऊन बसत रोज. आज्या म्हने, आता या वयात मले कायले पाहिजे सही? तं बाबा म्हनत, बा, पुन्हा कोनाले तुमचा अंगठा घेऊन रांगेत उभं राहाची लाज नोको वाटाले."

दिलीपला त्यातलं काही ठाऊक नाही. चहा घ्या म्हणाला. मी कप तसाच ठेवून उठलो.

सुखदेवला कुणी सांगितलं, कोण जाणे. रांगेतलं कुणी भेटलं असेल. नाहीतर तो मला ओळखत होता, तेवढं पुरे. सगळं माहीत असून माणूस माझ्या दारात शेंगा घेऊन येत राहिला. एक शब्द बोलला नाही.

तो अर्ज माझ्याकडं आहे. फाडायची हिंमत झाली नाही, दाखवायचीही नाही. खाली फोटो लावतोय. वडिलांचा अंगठा अजून स्पष्ट दिसतो.

सुखदेव, तुझा अर्ज आज देतोय लेका. सगळ्यांसमोर.

श्रद्धांजली वाहायची तर त्याला वाहा. कमेंटमध्ये मला 'सर' म्हणू नका.